कडक नोटेचे वेड

नोटाबंदीत बाद झालेल्या पाचशे आणि हजाराच्या नोटा घरात किती ठेवता येतात, हे फार कमी लोकांना माहीत असते. २०१७ साली संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. सामान्य माणसाला दहा नोटा ठेवता येतात, त्याहून जास्त सापडल्या तर दंड. मात्र अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी ठेवणाऱ्याला पंचवीस. म्हणजे आम्हा संग्राहकांना कायद्याने पंधरा नोटांची सवलत दिली आणि ती कशासाठी, तेही लिहून ठेवले. अभ्यासासाठी.

या पंधरा नोटांच्या बदल्यात आपण कोणता अभ्यास केला, एवढाच प्रश्न मला विचारायचा आहे. तो विचारण्याचा हक्क मला आहे, कारण मी याच मंडळींतला आहे. जळगावात वाढलो, धुळ्यात आजोळ, इंजिनिअरिंगची पदवी, आता पुण्यात कोड लिहितो आणि पगारातले चार पैसे जुन्या नोटांवर घालवतो. नाणी-नोटांची प्रदर्शने पाहतो, व्यापाऱ्यांशी घासाघीस करतो, अल्बम चाळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्याकडे नोटा जमवणे हा छंद आता अभ्यास राहिलेला नाही. ती इस्त्रीची स्पर्धा झाली आहे. कुणाची नोट जास्त कडक, एवढेच.

कुठल्याही अल्बमभोवती जमलेल्या चार जणांचे बोलणे ऐका. पहिला प्रश्न, 'यूएनसी आहे का?' म्हणजे चलनात न आलेली, घडी न पडलेली, कोरी. दुसरा प्रश्न, नंबर काय? ७८६ आहे का, सहाही आकडे सारखे आहेत का, उलटसुलट वाचला तरी तोच येतो का? तिसरा, ग्रेडिंग झालेय का? म्हणजे कुठल्या तरी कंपनीने नोट प्लास्टिकच्या पाकिटात बंद करून तिला सत्तरपैकी गुण दिलेत का? चौथा प्रश्न अर्थात भाव. नोटेवर काय छापले आहे, कुणी छापले, कोणत्या भाषेत, कुणाच्या सहीने, हे विचारणारा पाचवा माणूस त्या घोळक्यात सहसा नसतो. असलाच तर त्याला 'सर' म्हणून बाजूला बसवतात.

या बाजाराचे विकृत टोक आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले आहे. ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट द्या आणि लाखो रुपये घ्या. ही फसवणूक इतकी वाढली की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला निवेदन काढून लोकांना सावध करावे लागले. आपले जाणकार संग्राहक या व्हिडिओंना हसतात. पण त्यांनी स्वतःच लोकांना काय शिकवले? नोटेचे मोल तिच्या नंबरात आणि कडकपणात असते, हेच ना? मग ट्रॅक्टरच्या नोटेत लाख रुपये शोधणाऱ्याने नवीन काय केले? त्याने तोच धडा जरा जोरात म्हटला.

आता मुद्दा पुराव्याने मांडतो. त्यासाठी मी मुद्दाम असा माल निवडतो ज्याला आपल्या बाजारात कुणी विचारत नाही: १९१७ ते १९२४ या काळातल्या रशियन आणि सोव्हिएत नोटा. यांतल्या बऱ्याच नोटा आजही चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतात. व्यापारी त्या दाखवताना खांदे उडवतो, 'महागाईतला माल आहे, पोत्याने छापलाय.' बरोबर आहे, पोत्यानेच छापलाय. पण पोत्याने छापलेला कागद वाचता येत नाही असे कुणी सांगितले?

१९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीत झार गेला आणि हंगामी सरकार आले. त्या सरकारने २५० रूबलची नवी नोट काढली. तिच्या मध्यभागी दोन डोक्यांचा गरुड आहे. झारचाच गरुड, पण मुकुट काढून घेतलेला. तो इवान बिलिबिन या चित्रकाराने काढला, रशियन लोककथांची चित्रे काढणारा तोच. आणि गरुडाच्या मागे स्वस्तिक आहे. दिवाळीत आपण चोपडीवर काढतो ते चिन्ह पेत्रोग्राडमध्ये छापलेल्या नोटेवर आहे, आणि हे जर्मनीत त्याचे जे झाले त्याच्या कितीतरी आधीचे. मग ऑक्टोबर क्रांती झाली. बोल्शेविकांनी हिवाळी राजवाडा घेतला, बँका घेतल्या, नोटांचा छापखानाही घेतला. त्यानंतर '१९१८' साल टाकून ज्या मोठ्या नोटा निघाल्या त्यांच्यावर काय असावे? तोच बिनमुकुटाचा गरुड. पाच हजार आणि दहा हजाराच्या नोटांवर तर तेच स्वस्तिकही. हंगामी सरकारच्या काळात तयार झालेली चित्रे बोल्शेविकांनी तशीच वापरली. सही फक्त बदलली. स्टेट बँकेचा नवा प्रमुख गिओर्गी प्याताकोव्ह याची.

मी रोज जे काम करतो त्यात हे दृश्य ओळखीचे आहे. नवी टीम येते, जुन्या सिस्टिमला शिव्या घालते, सगळे नव्याने लिहू म्हणते. पण बिलिंग रात्रीसुद्धा चालू असते. ते थांबवता येत नाही. मग जुन्या कोडवर नवे नाव टाकून तोच चालवावा लागतो. क्रांतीने जगाला काय सांगितले ते तिच्या जाहीरनाम्यांत सापडेल. तिला काय ताबडतोब बदलता आले नाही ते तिच्या नोटांवर सापडते. पगार द्यायचे होते, धान्य विकत घ्यायचे होते, आणि त्यासाठी हाताशी असलेली प्लेट तीच होती.

हंगामी सरकारच्या वीस आणि चाळीस रूबलच्या छोट्या नोटांना लोक 'केरेन्की' म्हणत, पंतप्रधान केरेन्स्कीच्या नावावरून. त्यांच्यावर साल नाही, नंबर नाही, सही नाही. बाटलीवरच्या लेबलाएवढा तुकडा. त्या अख्ख्या तावांतच लोकांच्या हाती यायच्या आणि लागतील तशा कापल्या जायच्या. बोल्शेविकांनी केरेन्स्कीला पळवून लावले, पण त्याच्या नावाच्या नोटा मात्र पुढेही छापल्या. आता आपला ग्रेडिंगवाला केरेन्कीला कसे मोजेल? वाकडीतिकडी कापलेली नोट, म्हणजे गुण कमी. सरळ, सारख्या कडांची, म्हणजे गुण जास्त. पण ती वाकडी कड हाच तर पुरावा आहे! कुणीतरी हातात कात्री घेऊन, रांगेत उभे राहून किंवा दुकानाच्या फळीवर, तावातून चाळीस रूबल कापून दिले आहेत. नोट वापरली गेली याची ती खूण आहे. आपण तिला दोष म्हणतो आणि कमी भाव देतो.

पुढे १९१९ पासून नव्या राज्याचे स्वतःचे चिन्ह, विळा-हातोडा, नोटांवर आले. गंमत म्हणजे त्यांना 'पैसा' म्हणणेही टाळले होते. नाव होते 'हिशेबाचे चिन्ह'. पैसा ही संस्थाच लवकर नाहीशी होणार, अशी तेव्हा अनेकांची खात्री होती. त्या नोटांच्या किमती पाहा: पंधरा, तीस, साठ रूबल. आणि त्या मालिकेतल्या मोठ्या नोटांवर एक घोषणा आहे, 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा', सात भाषांत: रशियन, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी आणि अरबी. रशियन संग्राहक या नोटांना 'बाबिलोनी' म्हणतात, भाषांच्या गोंधळाच्या त्या जुन्या मनोऱ्यावरून.

इथे खानदेशातल्या माणसाने थांबून पाहायला हवे. जगातल्या कामगारांना हाक आहे आणि तीत एकही भारतीय भाषा नाही. १९२० च्या उन्हाळ्यात कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या दुसऱ्या अधिवेशनात मानवेंद्रनाथ रॉय लेनिनसमोर उभे राहून वसाहतींचा प्रश्न मांडत होते. त्या वेळी रशियात हेच कागद चलनात होते. हेच रॉय सोळा वर्षांनी, तुरुंगातून सुटल्याबरोबर, डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला आले. खेड्यात भरलेले ते पहिले काँग्रेस अधिवेशन. केळीच्या मुलखातल्या त्या मांडवापासून मॉस्कोच्या त्या सभागृहापर्यंत एक धागा जातो. आणि ती हाक कुणाकुणाला होती व कुणाला नव्हती, हे सांगणारा साक्षीदार शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. पण तो चुरगळलेला असतो. म्हणून आपण घेत नाही.

मग शून्ये वाढत गेली. १९२१ मध्ये दहा लाख, पन्नास लाख आणि एक कोटी रूबलचे कागद निघाले. १९२२ मध्ये जुन्या दहा हजारांचा एक नवा रूबल केला. १९२३ मध्ये त्या शंभरांचा पुन्हा एक. १९२४ मध्ये असे पन्नास हजार दिले की एक सोन्याचा रूबल मिळे. गुणाकार करून पाहा. १९२१ च्या हिशेबाने एका रूबलसाठी पाच हजार कोटी. हे सगळे सात-आठ वर्षांत. व्यापारी ज्याला 'महागाईतला माल' म्हणून बाजूला सारतो, त्यात एका पिढीची बचत कशी वितळली याची पायरी न् पायरी दिसते. प्रत्येक पायरीची एक नोट आहे.

आणि या घसरणीच्या मधोमध, नोव्हेंबर १९२२ मध्ये, चेर्वोनेत्स आला. पांढरा, मोठा, एकाच बाजूने छापलेला, मागून कोरा. त्यावर लिहिलेले होते की एका चेर्वोनेत्समध्ये अमुक इतके शुद्ध सोने आहे. ग्रॅममध्ये सांगायचे तर ७.७४, म्हणजे झारच्या दहा रूबलच्या नाण्याइतकेच. जळगावकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याकडे सोने घ्यायला लांबून लोक येतात ते शुद्धतेच्या विश्वासावर. क्रांतीच्या पाचव्या वर्षी तिच्या बँकेला विश्वासासाठी त्याच पिवळ्या धातूचे नाव घ्यावे लागले. पण त्याच नोटेवर आणखी एक वाक्य आहे. सोन्यात बदलून देण्याची सुरुवात कधी होईल हे सरकार वेगळ्या कायद्याने ठरवेल, असे. तो दिवस काही आला नाही. सराफाने असे वचन दिले तर त्याच्या पेढीवर लोक दुसऱ्या दिवशी चढतील. सरकारांचे तसे नसते.

शेवटची गोष्ट सह्यांची. १९१८ च्या नोटांवर प्याताकोव्ह. त्यानंतरच्या नोटांवर अर्थखात्याचा प्रमुख निकोलाय क्रेस्टिन्स्की. १९२४ मध्ये चलन स्थिर करणारा अर्थमंत्री ग्रिगोरी सोकोल्निकोव्ह, त्याची सहीही नोटांवर आहे. प्याताकोव्हला १९३७ मध्ये गोळी घातली. क्रेस्टिन्स्कीला १९३८ मध्ये. सोकोल्निकोव्ह १९३९ मध्ये तुरुंगात मारला गेला. आणि लेनिनचा चेहरा सोव्हिएत नोटेवर पहिल्यांदा कधी आला? १९३७ मध्ये. लेनिन जाऊन तेरा वर्षे झाली होती. सुरुवातीच्या नोटांवर कुणा नेत्याचा चेहरा नाही. गरुड आहे, विळा-हातोडा आहे, पुढे शिल्पकार शाद्रने गोझ्नाक या सरकारी छापखान्यासाठी १९२२ मध्ये घडवलेले कामगार, शेतकरी, पेरणी करणारा माणूस आहेत. जिवंत सह्या पुसल्या जात होत्या त्याच वर्षी मेलेल्या नेत्याचा चेहरा छापला गेला. ही गोष्ट मला कुठल्या ग्रंथात आधी सापडली नाही. दोन नोटा टेबलावर शेजारी ठेवल्या आणि साले लावली, तेव्हा दिसली. यासाठी नोट कडक असावी लागत नाही. सही वाचता आली की पुरे.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत, त्यांनाही सोडत नाही. डाव्या घरांत वाढलेले, लोकवाङ्मय गृहातून आणलेल्या सोव्हिएत पुस्तकांच्या गुळगुळीत पानांवर पोसलेले काही मित्र या नोटांकडे पाहून 'काय ते क्रांतिकारी डिझाइन!' म्हणून डोळे मिटतात. त्यांना माझी विनंती आहे, डोळे उघडा. त्या काळच्या रशियन पोस्टरांत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांत जे धाडस होते, तिरक्या रेषा, तुटलेली अक्षरे, लाल पाचर, त्यातले नोटांवर जवळजवळ काहीच आले नाही. नोटांवर जुन्याच कारागिरांच्या जाळीदार वेलबुट्ट्या, जुन्याच महिरपी. कारण उघड आहे. नोट लोकांनी नाकारली तर सगळे संपले. अनोळखी दिसणारा पैसा कुणी घेत नाही. पोस्टरने दचकवावे, नोटेने दचकवू नये. ज्याला हे दिसत नाही तो नोट पाहत नाही, स्वतःची आठवण पाहतो. कडक नोटेच्या भक्ताइतकाच तोही आंधळा आहे.

आता कुणी म्हणेल, रशियाचे राहू दे, आपले सांग. सांगतो. पेत्रोग्राडमध्ये क्रांती झाली ७ नोव्हेंबर १९१७ ला. त्यानंतर तेविसाव्या दिवशी, ३० नोव्हेंबर १९१७ ला, ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात एक रुपयाची कागदी नोट काढली. कारण तेच: महायुद्ध. चांदी मिळेना, रुपये पाडता येईनात. मग कागदावर पाचव्या जॉर्जच्या रुपयाचे चित्र छापले आणि तोच रुपया म्हणून दिला. मागे आठ भाषांत किंमत. लगेच जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची नोट आली, दोन रुपये आठ आणे. रशियाच्या पंधरा-तीस-साठ रूबलना हसणाऱ्याने ही आठवावी. ज्या शेतकऱ्याने कपाशी विकून आजवर खणखणीत कलदार मोजून घेतला, त्याला तो कागद पाहून 'हाऊ कायना कागद शे?' असेच वाटले असणार. देशाच्या काही भागांत लोक या नोटा दर्शनी किमतीला घेत नव्हते, बट्टा लावत होते. नोटेवर नाण्याचे चित्र का आहे, याचे उत्तर त्या अविश्वासात आहे.

आणि आपल्या तर उंबऱ्यावरच दुसरे चलन होते. जळगावातून अजिंठ्याकडे निघाले की निजामाची हद्द लागायची. निजामाच्या राज्याने १९१८ मध्ये स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. उर्दू आणि इंग्रजीबरोबर त्यांच्यावर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत असे. इकडे कलदार, तिकडे हाली, आणि सात हालीचे साधारण सहा कलदार. एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरावर दोन चलने, दोन राजे, दोन हिशेब. सरहद्दीवरच्या बाजारात लोक हा भागाकार तोंडी करत असणार. यावर खानदेशात कुणी काम करायचे, पुण्या-मुंबईच्या लोकांनी?

आज खिशात असलेली नोटही वाचून पाहा. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. वरून मोजले तर मराठी आठवी, बरोबर मधली. सात वर, सात खाली. क्रम कशाचा? भाषांच्या इंग्रजी नावांचा. स्वतंत्र भारताच्या नोटेवर भारतीय भाषा रांगेत उभ्या आहेत त्या इंग्रजी मुळाक्षरांच्या हुकमाने. १९४७ नंतर राजाच्या जागी गांधीजींचा चेहरा घालायचे ठरत होते, तशी चित्रे तयारही झाली होती, पण शेवटी सारनाथचा सिंहस्तंभ निवडला गेला. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला. नेमके सोव्हिएतांसारखेच. आधी चिन्ह, मग चेहरा. हे का होते? नवे राज्य चेहऱ्याला घाबरते की चेहऱ्याची त्याला गरज नसते? असा प्रश्न नोटा जमवणाऱ्यानेच विचारायचा असतो. तो आपण ११११११ हा नंबर शोधण्यात गुंतलो म्हणून विचारत नाही.

माझ्यावर येणारे दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला: पैसा आमचा, छंद आमचा, तुम्हाला काय त्याचे? अगदी मान्य. कुणी कडक नोटा जमवाव्यात, फ्रेम कराव्यात, विकून गाडी घ्यावी. पण मग अभ्यासाच्या नावावर पंधरा जादा नोटांची सवलत घेऊ नये, प्रदर्शनाच्या फलकावर 'वारसा' आणि 'इतिहास' हे शब्द लिहू नयेत, आणि शाळांच्या सहलींना तिथे बोलावू नये. व्यापार हा चांगला शब्द आहे, जळगावला त्याची लाज कधीच नव्हती. तोच लिहावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बाजार आहे म्हणून या वस्तू वाचल्या. भाव नसता तर सगळे चुलीत गेले असते. खरे आहे, अर्धेच खरे आहे. बाजाराने नोटा वाचवल्या, त्यांची माहिती मात्र जाळली. धुळ्यात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडले नसते. त्यांच्याकडे हाली नोटा, जॉर्जच्या नोटा, थोड्या रशियन नोटा होत्या, बहुतेक मळलेल्या. पण त्यांच्याकडे एक वहीही होती, शाळेतली दोनशे पानी. प्रत्येक नोट कुणाकडून आली, त्या घरात ती कशी आली, बैलाच्या सौद्यात की हुंड्यात की पोथीत दडवलेली, देताना तो माणूस काय बोलला, सगळे टाकाने लिहिलेले. ते गेल्यावर घरच्यांनी एका व्यापाऱ्याला बोलावले. त्याने कडक तेवढ्या उचलल्या, भाव बरा दिला. मळक्या राहिल्या. वही कुणी विचारली नाही, ती रद्दीत गेली. मी पोचेपर्यंत महिना उलटला होता. व्यापाऱ्याने कुणाला फसवले नाही. तो आपल्याच नियमांनी वागला. आपण त्याला शिकवलेल्या नियमांत वहीला गुण नव्हते.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर डेटा राहिला आणि मेटाडेटा गेला. फाइल आहे, पण ती कुणी, कधी, कुठे बनवली ते पुसले. अशी फाइल कुणी पुरावा म्हणून घेत नाही. त्या हाली नोटा आज कुणाच्या तरी अल्बममध्ये चकचकीत पाकिटात असतील. त्यांतली कुठली अजिंठ्याच्या बाजूच्या बाजारातून आली आणि कुठली हैदराबादच्या दुकानातून, हे आता जगात कुणालाही सांगता येणार नाही.

हे धुळ्यात घडावे याचे मला जास्त दुःख आहे. याच गावात ३१ डिसेंबर १९२६ ला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वारले. आयुष्यभर हा माणूस वाड्यावाड्यांतून कागद गोळा करत फिरला. मळके, वाळवी लागलेले, वाण्याच्या पुडीला जायच्या वाटेवरचे कागद. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड त्यातून उभे राहिले. त्यांच्या मागे धुळेकरांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ काढले आणि त्यांचे दप्तर सांभाळले. राजवाड्यांनी एखादा कागद घडी पडली म्हणून नाकारला असता, तर आज आपल्याकडे काय उरले असते? कागदाची किंमत त्याच्या मजकुरात आणि त्याच्या ठावठिकाण्यात असते, हे ज्या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते, तिथे आपण प्लास्टिकच्या पाकिटावरचे गुण वाचत बसलोय.

माझी मागणी मोठी नाही. त्यासाठी संग्रहालय नको, अनुदान नको. प्रत्येक संग्राहकाने एक वही घालावी, किंवा साधी एक्सेल शीट. पाच रकाने पुरेत: नोट कोणती, कुणाकडून, कुठून, कधी, आणि देणाऱ्याने काय सांगितले. नोट विकली तर तो उतारा नोटेबरोबर द्यावा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. मळकी नोट कडक नोटेच्या बदल्यात देऊन टाकू नये. डिझाइन नीट पाहायला एक स्वच्छ प्रत जरूर ठेवावी, पण तिच्या शेजारी वापरलेलीही ठेवावी, कारण लोकांनी ती घेतली होती हे तीच सांगते. प्रदर्शनात नोटेखाली भावाऐवजी चार ओळी लिहाव्यात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० पासून आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय आहे, नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. एवढे सगळे खानदेशापासून एका रात्रीच्या प्रवासात. विचारायला जागा नाही, असे म्हणायची सोय आपल्याला नाही.

आणि व्यापाऱ्यांना एकच सांगणे. पुढच्या वेळी कुणाच्या घरी संग्रह घ्यायला जाल तेव्हा अल्बम उघडण्याआधी विचारा, 'काही लिहून ठेवलेले आहे का?' असेल तर त्याचेही पैसे द्या. दुसऱ्या दिवसापासून लोक वह्या जपू लागतील. बाजाराला एवढी ताकद आहे, हे तुम्हीच आम्हाला नेहमी सांगता.